प्रार्थनामंदिराचा पहारा



आपल्या हेखालातील सेफेर तोरांच्या रक्षणासाठी दारावर कॅमेरे बसविले आहेत. त्यांचे चित्रण लॅपटॉपवरील सॉफ्टवेअर दाखविते व साठविते. त्याविषयी चार शब्द बोलतो.

कॅमेरा व सॉफ्टवेअर निरनिराळ्या कंपन्यांचे असले, तरी दोन्ही ‘ऑनव्हिफ’ हे मानक पाळत असतील तर बहुधा जुळतात. एक कॅमेरा सेकंदाला 4 मेगाबिट माहिती अखंड पाठवीत असेल, तर दिवसाला सुमारे 43 गीगाबाइट जागा लागते. 1 टेराबाइटच्या डिस्कवर जेमतेम 23 दिवस मावतात. जागा भरताच सर्वांत जुने चित्रण आपोआप पुसले जाईल, अशी योजना सॉफ्टवेअरमध्ये करून ठेवावी.

लॅपटॉपचे झाकण मिटले की तो सहसा निद्रिस्त होतो आणि पहाराही थांबतो. ती सोय बंद करावी. वीज गेल्यास लॅपटॉप बॅटरीवर चालेल. कॅमेरे व राउटर यांना मात्र यूपीएस हवा.

शब्बाथला चित्रण चालू ठेवावे की नाही, हे रब्बींनी ठरवावे. ठेवायचे असेल, तर त्या दिवशी यंत्राला हात लावता येणार नाही. म्हणून शुक्रवारी, दिवे लावण्यापूर्वी, आदल्या दिवसाचे चित्रण उघडून पाहावे, तारीख-वेळ तपासावी.

कॅमेऱ्याचा रोख दारावर असावा, प्रार्थना करणाऱ्यांच्या मुखावर नसावा. दारावर तशी सूचना असावी आणि पासवर्ड मंडळाने नेमलेल्या दोघांकडेच राहावा. येथे येणाऱ्या कोणासही आपल्यावर संशय घेतला जातो, असे वाटता कामा नये.