व्यायामातील पालट

पहाटे पाचला उठावे, खोलीचे दार लोटून घ्यावे, पंचवीस जोर आणि पन्नास बैठका मोजून काढाव्या व मग दिवसाच्या कामाला लागावे, असा वीस-वीस वर्षांचा नेम पाळणारे गृहस्थ बडोद्यासारख्या शहरात आजही आढळतात. त्यांच्या निष्ठेविषयी आदरच वाटतो. परंतु अशाच एखाद्या गृहस्थावर नातवंडांसह पावागड चढण्याचा प्रसंग येतो. थोड्याच पायऱ्या होतात न होतात तोच त्यांचा ऊर धपापू लागतो. वरच्या पायरीवरून नातू विचारतो, "आजोबा, तुम्ही तर रोज व्यायाम करता ना?" आजोबा "वय झाले रे," म्हणून कठड्याशी टेकतात.

वयाचा भाग त्यात असतो, नाही असे नाही. तथापि सगळा दोष वयाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

श्रोतेहो, शरीर हे मोठे हिशेबी आहे. जेवढे काम त्याच्यापुढे पडते तेवढ्यापुरतीच शक्ती ते साठवते. जोरांचा आरंभ केल्यावर पहिले काही आठवडे अंग दुखते, मग बळ वाढते आणि पुढे तेच पंचवीस जोर सहज होऊ लागतात. ते सहज झाले की वाढ थांबते. मिळालेले टिकून राहते, हाही लाभ थोडा नव्हे. पण नवे काही पदरात पडत नाही. अमेरिकेतील थॉमस डेलॉर्म या डॉक्टरांनी जखमी सैनिकांवर उपचार करताना स्नायूंवरील भार पायरीपायरीने वाढवीत नेण्याची पद्धत अवलंबिली व १९४५ साली ती प्रसिद्ध केली. स्नायूला नवे आव्हान हवे, हेच तिचे सार होय.

दुसरी गोष्ट अशी की, कोणताही एक व्यायाम सर्वांगाला पुरा पडत नाही. जोरांत छाती, खांदे व दंडाचा मागचा भाग राबतो. ओढण्याचे काम करणारे पाठीचे स्नायू त्यामानाने स्वस्थ राहतात. बैठकांनी मांड्या कसतात. पण थोडक्या बैठकांनी दम वाढत नाही. तोल सांभाळण्याची परीक्षा तर दोहोंतही फारशी होत नाही. पावागडावर आजोबा थकले ते यामुळेच.

जुन्या आखाड्यांत हे जाणून व्यायामाची मांडणी केलेली असे. जोर-बैठका हा तेथे पाया होता. इमारत त्याहून मोठी होती. मुद्गल फिरविताना खांदा गोल फिरे व मनगट घट्ट होई. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवे जीवन दिले, त्यावर हाताची पकड, पोटाचे बळ आणि तोल यांची एकदम कसोटी लागे. लेझमीने ताल व दम येई. कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचा पुढचा डाव ठाऊक नसल्याने नजरही तयार होई. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिरात हीच परंपरा वाढविली. याच शहरात १९२३ साली हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापून काढले. खेळ हाही व्यायामच, हे त्या पिढीला कोणी पटवून द्यावे लागले नाही.

सूर्यनमस्कारांचे थोर पुरस्कर्ते औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांचे उदाहरण येथे बोलके आहे. त्यांनी सुमारे दहा वर्षे सँडोच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे तो आपल्याला पुरेसा नाही असे दिसताच नमस्कारांची कास धरली. एवढा नेमस्त पुरुष, पण पालट करताना त्यांना संकोच वाटला नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेला सल्लाही याच दिशेचा आहे. प्रौढांनी आठवड्यातून दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. पासष्टीपुढील माणसांनी तर आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल व बळ साधणारे विविध प्रकारचे व्यायाम करावेत, असे ती सांगते. म्हातारपणी पडून हाड मोडणे किती महाग पडते, हे घरोघरी ठाऊक आहे.

मग करावे काय? पहाटेची वेळ मोडू नये. त्या वेळेतील काम बदलावे. दोन दिवस जोर-बैठका, दोन दिवस झपझप चालणे किंवा पोहणे, एक दिवस नमस्कार व आसने, एक दिवस मुद्गल आणि रविवारी मुलांबरोबर एखादा खेळ, अशी वाटणी कोणासही जमेल. भिंतीशी उभे राहून एका पायावर तोल धरणे यात रोज बसते. बदल मात्र एका वेळी एकच व तोही बेताने करावा. नव्या व्यायामाने एक-दोन दिवस अंग दुखले तर भिऊ नये. छातीत दुखू लागले किंवा घेरी आली तर तत्काळ थांबून डॉक्टरांना दाखवावे.

या पालटाचा आणखी एक गुण आहे. आकड्याला बांधलेला नेम तापाच्या चार दिवसांनी मोडतो आणि मोडलेला नेम पुष्कळांच्या हातून पुन्हा उभा राहत नाही. ज्याच्यापाशी पाच प्रकार आहेत, तो अशक्तपणातही त्यांतला सर्वांत हलका निवडतो आणि पहाटेची वेळ राखतो.

पावागडाच्या पायऱ्या कमी होणार नाहीत. पण आजोबांनी येत्या सोमवारी जोरांऐवजी पायांत वहाणा घालून फाटकाबाहेर पाऊल टाकले, तर पुढच्या खेपेस नातवाला वरच्या पायरीवर थोडेच थांबावे लागेल.