बळी कशासाठी?
(विहारातील वर्षावास प्रवचनमालेत दिलेले भाषण)



मी काही धर्मपंडित नाही. गिरणीत साच्यांवर उभा राहणारा माणूस. जे काही वाचलं ते पाळीवरून आल्यावर, चाळीच्या गॅलरीतल्या दिव्याखाली. त्यात मराठी बायबलही वाचलं. आजचा विषय समितीने दिलेला नाही, मी मागून घेतला आहे. त्याचं कारण तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. शिमग्याला गावी गेलं की आपल्यातल्या काही घरांतून राखणदाराला अजून कोंबडा जातो. विचारलं की उत्तर तयार असतं : "जगात सगळेच देतात. बायबलात पण बोकड कापलेत."

कापलेत, हे खरं आहे. पण ते का कापले, आणि पुढे बंद कसे पडले, हे तरी माहीत करून घेऊ या.

इस्राएल लोक मूळचे मेंढपाळ आणि शेतकरी. त्यांच्या बळीचे नियम बायबलातल्या 'लेवीय' नावाच्या पुस्तकात आहेत. होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण, दोषार्पण असे पाच प्रकार. होमार्पणात अख्खं जनावर जाळायचं, अन्नार्पणात पीठ-तेल द्यायचं. सगळ्यांच्या खोलात जात नाही, वेळ पुरणार नाही. मला त्यात तीन-चार गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या त्या सांगतो.

पहिली अशी की, शिकार केलेलं जनावर वेदीवर चालत नसे. हरीण मारून आणलं तर ते घरी खा, देवाला नको. बैल, मेंढरू, बोकड, पारवा, म्हणजे माणसाने पाळलेलं, ज्याच्यामागे त्याचा घाम आहे तेच द्यायचं. लंगडं, आंधळं, रोगट तर मुळीच नाही. दावीद राजाची गोष्ट आहे. त्याला वेदी बांधायला एका माणसाने आपलं खळं आणि बैल फुकट देऊ केले. राजाने नाकारले आणि 50 शेकेल चांदी मोजून विकत घेतले. ज्याला आपली दमडी लागली नाही, ते आपण देवाला कसं द्यायचं, असं त्याचं म्हणणं.

दुसरी गोष्ट गरिबाची. पापार्पणाला मेंढरू परवडत नसेल तर दोन पारवे आणावेत. तेही जमत नसेल तर पायलीत मापावं तसं मापून थोडं सपीठ आणावं, तेल नको, धूप नको. तेवढ्यानेही त्याचं काम होई. आता विचार करा, पिठाला रक्त असतं का? म्हणजे रक्ताशिवाय क्षमा नाही, असं त्यांच्या कायद्यालाही शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. आपल्याकडे नवसाच्या बोकडापायी सावकाराकडे गेलेली माणसं ज्यांनी बघितली आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरी गोष्ट रक्ताची. रक्तात जीव आहे आणि जीव माणसाच्या मालकीचा नाही, म्हणून रक्त खायचं नाही, ते वेदीवर वाहायचं. (आपण रक्ती परतून खातो, ते त्यांना कधीच चाललं नसतं.) मारायला परवानगी आहे, पण मारणं ही साधी गोष्ट नाही, अशी ती बोच होती. आणि शांत्यर्पणाचं मटण सगळ्यांनी मिळून खायचं. आभाराचं असेल तर त्याच दिवशी, नवसाचं असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत. तिसऱ्या दिवशी उरलं ते जाळून टाकायचं. मला वाटतं, त्यात शहाणपण होतं. साठवता येत नाही म्हटल्यावर शेजाऱ्याला बोलवावंच लागतं.

मात्र वाटे तिथेही होते. शांत्यर्पणातलं छातीचं आणि उजव्या मांडीचं मटण याजकाला, होमार्पणाचं कातडंही त्यालाच. मानकऱ्यांची मुंडीवरून होणारी भांडणं आपण गावोगाव पाहिली आहेत, त्यामुळे जास्त सांगायला नको.

आता ज्या गोष्टीपाशी मी वाचता वाचता थांबलो, ती सांगतो. वर्षातून एकदा प्रायश्चित्ताचा दिवस. दोन बोकड आणायचे, चिठ्ठ्या टाकायच्या. एक देवासाठी कापायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजकाने दोन्ही हात ठेवून साऱ्या लोकांची पापं कबूल करायची, आणि तो बोकड एका माणसाबरोबर रानात पाठवून द्यायचा. पाप गावाबाहेर गेलं! आता तो बोकड नेणारा माणूस. त्याने कपडे धुवावेत, अंघोळ करावी, आणि मग छावणीत परत यावं, असं लिहिलं आहे. परत यावं!

आपले आजे-पणजे आठवा. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत रोगराई आली की रेडा कापत. रक्तात कालवलेला भात पाटीत घेऊन रात्री शिवेवरून शिंपत जायचं काम महाराचं. गावाची इडापिडा डोक्यावरून वाहून न्यायची ती त्याने. त्याने कितीही अंघोळी केल्या तरी गावात परत यायची वाट नव्हती. तिकडे बोकड रानात गेला आणि माणूस घरी आला. इकडे पिढ्यान् पिढ्या माणसालाच बोकड केलं. म्हणून मी म्हणतो, राखणदाराच्या कोंबड्याची गोष्ट इतरांना फक्त भूतदयेची असेल. आपल्याला ती आपल्या आज्याच्या डोक्यावरच्या पाटीची आहे.

त्या लोकांतही या कर्मकांडावर टीका करणारे निघाले, आणि बाहेरून नव्हे, आतूनच. आमोस हा मेंढपाळ, उंबराची फळं गोळा करणारा, इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातला. त्याने भर उत्सवात सांगितलं की गरिबाला चपलांच्या जोडासाठी विकता आणि वर होम करता, असले होम देवाला नकोत, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. होशेय, यशया, मीखा यांनीही तेच सुनावलं. ऐकलं किती जणांनी, हा प्रश्न वेगळा. बळी चालूच राहिले.

बंद पडले ते इ.स. 70 साली, रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं तेव्हा. बळी त्याच एका मंदिरात द्यायचे असा दंडक होता, मंदिर गेलं, वेदी गेली. योहानान बेन झक्काई या त्यांच्या गुरूला शिष्य रडत म्हणाला, आता पापाचं प्रायश्चित्त कुठे करायचं? गुरूने सांगितलं, तितकंच मोठं दुसरं साधन आपल्याकडे आहे, एकमेकांशी दयेने वागणं. प्रार्थना, उपवास आणि दान यांवर तो समाज एकोणीसशे वर्षं टिकला.

त्यांच्यातलेच काही आपल्या कोकणात आले. बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या, अशी त्यांची आख्यायिका. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. नावं गावांवरून : रोहेकर, पेणकर, किहीमकर. भाषा मराठी. खवले नसलेला मासा खायचे नाहीत, म्हणजे मुशी नाही, कोळंबी-कुर्ल्या नाहीत. प्रायश्चित्ताच्या दिवसाला त्यांचं मराठी नाव 'दारफाळणीचा सण' : दारं लावून घरात उपास करायचा. बोकड नाही. (कोकणची हवा मात्र त्यांनाही लागली. 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भाग पाडून आपसात लग्न करीत नसत. जात कशी चिकटते बघा!) 1948 नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले, थोडी घरं इथे राहिली.

त्यांचा मलिदा नावाचा विधी आहे. नवस फेडताना, नव्या घरात जाताना, लग्नाच्या वेळी करतात. ताटात भिजवलेले गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वर फळं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेतात आणि ताट सगळ्यांना वाटतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असं मानतात, तिथेही मलिदा होतो. काही अभ्यासकांना यात मंदिरातल्या जुन्या अन्नार्पणाची आठवण दिसते. तसं असेल तर बघा, बैल गेला, मेंढरू गेलं, आभार मानायचे आणि वाटून खायचं एवढं राहिलं; तेही कोकणच्या पोह्या-नारळात.

आपल्याकडे तर हे अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून झालं आहे. दीघनिकायातल्या कूटदन्त सुत्तात तो ब्राह्मण सातशे बैल, शिवाय वासरं, बोकड, मेंढे यज्ञासाठी बांधून बसला होता. तथागतांनी त्याला जुन्या राजाच्या यज्ञाची गोष्ट सांगितली : शेतकऱ्याला बी-बियाणं, व्यापाऱ्याला भांडवल, चाकराला पगार. त्या यज्ञात एक जनावर मेलं नाही, एक झाड तुटलं नाही, एक मजूर रडत राबला नाही. कूटदन्ताने दावी सोडली. गाडगेबाबा जत्रेत हातात खराटा घेऊन बोकड कापू नका म्हणून ओरडले, तेही याच वाटेने.

माता-भगिनींना एक सांगतो. कोंबडा देणाऱ्या म्हातारीला हसू नका. तिच्या मनात भीती असते, नातू आजारातून उठला याचा आनंद असतो, तो कुठेतरी ठेवायला तिला जागा हवी असते. जागा आपण दिली नाही तर ती राखणदाराकडेच जाणार. म्हणून समितीपुढे माझी सूचना आहे. ज्या घरी नवसाचा कोंबडा ठरला असेल, त्या घराने तेवढे पैसे विहारात आणून द्यावेत. पौर्णिमेला त्यातून खीर करू, त्या आजीच्या हातानेच वाढू, उरतील त्यांच्या मुलांना वह्या. हिशेब फळ्यावर लिहावा. पुढच्या बैठकीत यावर चर्चा व्हावी, अशी विनंती करतो आणि थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!