ग्रंथालयातलं कार्डांचं कपाट आणि मी

(आपल्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात शाळेच्या सभागृहात केलेलं भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय ‘नवं तंत्रज्ञान आणि शाळेची ग्रंथपाल’. मघाशी नाव पुकारल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “ही अजून इथेच आहे?” हो, मी अजून इथेच आहे. दहावीनंतर तुम्ही मुंबई-पुण्याला गेलात, काही जण तर थेट आखातात. मी ग्रंथालयशास्त्र शिकून याच शाळेत परत आले. आधी अर्धवेळ, मग पूर्णवेळ. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. त्यामुळे आज विषयावर बोलता बोलता एक कबुलीही देऊन टाकणार आहे.

आपल्या वेळचं ग्रंथालय आठवतंय? जिन्याखालची ती लांबट खोली. दारातून आत गेलं की डाव्या हाताला कार्डांचं लाकडी कपाट होतं. छोटे छोटे खण, प्रत्येक खणाला पितळी कडी, आणि आतली कार्डं कुणी काढून नेऊ नये म्हणून खालच्या भोकातून ओवलेली सळई. आपण ती सळई ओढून काढायचो आणि बाईंचा ओरडा खायचो. त्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. ती कार्डं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली होती, टाकाने, निळ्याकाळ्या शाईत.

शाळेत पहिल्यांदा संगणक आले तेव्हा मी हरखून गेले होते. ग्रंथालयाला एक स्वतंत्र संगणक मिळाला. एकाने आम्हाला पुस्तकांच्या नोंदींचा एक छोटा प्रोग्रॅम करून दिला. दोन मे महिने मी आणि दहावी झालेली चार मुलं नोंदी भरत होतो. साडेनऊ हजार पुस्तकं. लेखकाचं नाव टाईप केलं की यादी पडद्यावर! तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुक केलं. त्या भरात मी मुख्याध्यापकांना म्हटलं, आता त्या कपाटाची काय गरज? कपाट विज्ञानाच्या प्रयोगशाळेत गेलं. आजही तिथे आहे, खणांमध्ये स्क्रू आणि वायरी आहेत. आणि कार्डं मी रद्दीत दिली. पावती माझ्याच सहीची आहे.

पुढे काय झालं ते थोडं समजावून सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळांच्या ऑफिसांतही हेच घडलं असेल. त्या काळचे बहुतेक मराठी फॉण्ट म्हणजे एक सोंग होतं. संगणकाच्या दृष्टीने आत इंग्रजी अक्षरंच असायची, वरून फक्त मराठीचा मुखवटा चढवलेला. तो विशिष्ट फॉण्ट असेल तोवर ‘श्यामची आई’ दिसायची. फॉण्ट गेला की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. आमचा संगणक एका पावसाळ्यात बंद पडला तो पडलाच. माझ्याकडे फ्लॉपीवर प्रत होती, पण आपल्या कोकणातला पाऊस तुम्हाला माहीत आहे. बऱ्याच फ्लॉप्यांना बुरशी धरली होती. ज्या वाचता आल्या त्या नव्या संगणकावर उघडल्या, तर भेळ. प्रोग्रॅम करून देणारा केव्हाच गाव सोडून गेला होता, आणि कुठला फॉण्ट होता हे मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. चूक त्याची नाही. विचारायचं माझं काम होतं.

आम्हाला वाचवलं दाखल नोंदवहीने. प्रत्येक पुस्तक शाळेत आलं की त्याचा क्रमांक, नाव, लेखक, किंमत त्या जाडजूड वहीत चढते. ती ठेवावीच लागते, म्हणून ती माझ्या उत्साहातून वाचली. तिच्यावरून पुन्हा यादी उभी राहिली. पण दाखल वही पुस्तक कधी आलं ते सांगते, पुस्तकात काय आहे ते सांगत नाही.

आणि बाईंची कार्डं नेमकं तेच सांगायची. कथासंग्रह आला की बाई संग्रहाचं एक कार्ड करून थांबायच्या नाहीत. आतल्या एकेका कथेचं वेगळं कार्ड करायच्या. दिवाळी अंकातल्या लेखांचीही. त्यामुळे ‘समुद्र’ हा खण उघडला की चौदा पुस्तकं आणि तीसेक गोष्टी मिळायच्या. वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या दिवशी आपण धावत जायचो आणि बाई दोन मिनिटांत तीन पुस्तकं हातात ठेवायच्या. आपल्याला वाटायचं, बाईंना सगळं पाठ आहे. ते सगळं कार्डांवर होतं. काही कार्डांच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, ‘भूताची भीती वाटणाऱ्याला देऊ नये’, ‘वडील वारलेल्या मुलाला द्यावे’.

आमच्या त्या प्रोग्रॅममध्ये पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत एवढेच रकाने होते. आतल्या गोष्टींसाठी रकाना नव्हता. म्हणून त्या आम्ही भरल्याच नाहीत. पेन्सिलीच्या ओळींचा तर विचारही मनात आला नाही. म्हणजे संगणक बंद पडला नसता तरी हे सगळं गेलेलंच होतं, आणि ते संगणकाने घालवलं नव्हतं, मी घालवलं होतं. नव्या साधनात जेवढा रकाना तेवढंच पलीकडे जातं. उरलेलं आपण ‘जुनं’ म्हणून टाकून देतो.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. शेवटच्या सूत्राचा आशय असा, की ग्रंथालय वाढत राहणारं असतं. वाढत्या मुलाचे कपडे बदलावे लागतात हे मी परीक्षेत छान लिहिलं होतं. पण जुना सदरा बोहारणीला देण्याआधी खिसे तपासायचे असतात, हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

त्यानंतर मी शिकायला लागले, तेही आधी हट्टाने नाही म्हणून झाल्यावर. युनिकोड म्हणजे काय हे मला आठवीतल्या एका मुलीने समजावलं. प्रत्येक मराठी अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक असतो, फॉण्ट कुठलाही असो. मग साध्या तक्त्यात युनिकोडमध्ये पुन्हा नोंदी केल्या. पुढे ‘कोहा’ नावाची प्रणाली घेतली. ती न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी तयार झाली आणि २००० सालापासून वापरात आहे. विकत घ्यावी लागत नाही, मोफत आहे. पण मोफत म्हणजे बिनखर्चाची नव्हे, हेही लगेच कळलं. ती कुठल्या तरी संगणकावर चालवावी लागते, सांभाळावी लागते. मी ती घेतली दोन गोष्टी विचारून. माझा सगळा माल उद्या मला बाहेर काढून नेता येईल का? आणि पुस्तकातल्या गोष्टींची नावं कुठे लिहायची? दोन्हींची उत्तरं मिळाली. ग्रंथालयाच्या नोंदींचा जो ठरलेला साचा आहे, त्यात ५०५ क्रमांकाचा रकाना खास पुस्तकातल्या मजकुराच्या यादीसाठीच आहे. तो पाहून मी संगणकासमोर बसून रडले होते. आमच्या सेवक मामांना वाटलं पुन्हा बंद पडला.

आता सगळ्या नोंदींच्या तीन प्रती असतात. एक शाळेत, एक इंटरनेटवर, एक माझ्या घरी. आणि वर्षातून एकदा कागदावर छापून बांधून ठेवते. नव्या शिक्षकांना त्याचं हसू येतं. मी येऊ देते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा सगळे म्हणाले, आता ग्रंथालय मोबाईलवर. मीही लागले कामाला. बालभारतीची पुस्तकं, ‘दीक्षा’, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ, सगळ्यांच्या लिंक पाठवल्या. नव्या पुस्तकांच्या चोरीच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होत्या. पालक म्हणायचे, बाई, तुम्हीही पाठवा की. त्या मी पाठवल्या नाहीत. लेखकाच्या पोटावर पाय देऊन मुलांना वाचायची गोडी कशी लावायची? मग लक्षात आलं, की एका घरात तीन मुलं आणि मोबाईल एक, तोही बाबांबरोबर कामावर गेलेला. रात्री नऊला लिंक उघडून कोण वाचणार? नियम सैल झाल्यावर मामा आणि मी पुस्तकांचे गठ्ठे करून वाड्यांवर नेऊन ठेवायला लागलो. त्या वर्षी आमचं सर्वांत उपयोगी तंत्रज्ञान म्हणजे मामांची स्कूटर. पण कुठल्या वाडीत कुठला गठ्ठा आहे हे कोहात दिसत होतं, म्हणून एकही पुस्तक हरवलं नाही. दोन्ही लागलं.

आणि आता ही कृत्रिम बुद्धिमत्ता. गेल्या वर्षी नववीतला एक मुलगा जलदुर्गांवरच्या पाच पुस्तकांची यादी घेऊन आला. तीन मिळाली. दोन सापडेनात. मी तासभर शोधलं, मनात धास्ती, माझ्याच नोंदीत पुन्हा घोळ झाला की काय. शेवटी विचारलं, यादी कुठली? म्हणाला, “बाई, एआयला विचारलं.” ती दोन पुस्तकं जगात कुठेच नव्हती. नाव होतं, लेखक होता, प्रकाशकही होता. पुस्तक तेवढं नव्हतं.

मी त्याला रागावले नाही. दुसऱ्या दिवशी तीच यादी घेऊन वर्गावर तास घेतला. पुस्तक खरंच आहे का, हे कसं शोधायचं? आयएसबीएन क्रमांक कुठे पाहायचा? सिंधुदुर्ग कधी बांधायला घेतला हे एआय सांगेल, पण विश्वकोशात १६६४ मिळतंय का ते स्वतः पाहा. मुलांना त्यात शिकारीची मजा आली. आता दर आठवड्याला कुणीतरी ‘बाई, खोटं पुस्तक सापडलं’ म्हणून धावत येतं. पूर्वी मुलांना माहिती मिळत नसे, ती शोधून देणं हे बाईंचं काम होतं. आता ढिगाने मिळते. त्यातलं खरं कसं ओळखायचं हे शिकवणं माझं काम आहे. काम बदललं, पण संपलं नाही.

आता कबुलीचं शेवटचं पान. कार्डं रद्दीत गेल्याचं मी बाईंना इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात आमंत्रण द्यायला त्यांच्या घरी गेले तेव्हा सांगितलं. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझ्या आधीच्या गुरुजींनी सगळ्या ग्रंथालयाची यादी एका वहीत केली होती. मी कार्डं केली आणि ती वही बंबात घातली. त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. तू निदान सांगितलंस.” आणि पुढे म्हणाल्या, “शनिवारी येते. जेवढं आठवतं तेवढं तुझ्या त्या ५०५ मध्ये घाल.”

बाई दोन शनिवार येऊन गेल्या. पुस्तक हातात घेतात, चाळतात, बोलतात. सहावी-सातवीच्या मुली टाईप करतात. पेन्सिलीच्या ओळीही घालतोय आम्ही, त्यासाठी वेगळा रकाना केलाय, फक्त ग्रंथपालाला दिसेल असा.

मित्रांनो, आपल्या बॅचने शाळेला वीस टॅब द्यायचं ठरवलंय असं कळलं. मी नको म्हणणार नाही, मुलं खूश होतील. पण पाच-सहा वर्षांत ते कपाटात जातील, मी असे दोन संच पाहिलेत. म्हणून हात जोडून विनंती करते. वीसच्या जागी बारा द्या. उरलेल्या पैशांतून ग्रंथालयाची यंत्रणा सांभाळायचा दरवर्षीचा खर्च आणि एका मदतनीसाचं मानधन निघेल असं काही करा, म्हणजे माझ्यानंतर जी कुणी येईल तिला माझ्यासारखी भेळ खावी लागणार नाही. आणि ज्यांना पैसे देणं जमणार नाही, त्यांनी आज चहानंतर जिन्याखालच्या खोलीत यावं. तुम्ही कुठल्या पुस्तकातली कुठली गोष्ट वाचली होती, ती आठवत असेल तर सांगा. मुली टाईप करायला बसल्या आहेत.

बाई, तुम्हीही चला. सळई ओढली म्हणून आता कुणी ओरडणार नाही.