पाया खणण्याआधी



या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलून गेली. त्यांच्यामागून युनियनचा माणूस मातीवर काय बोलणार, असे आपणांस वाटले असेल. परंतु इमारत उभी राहते तेव्हा मातीशी पहिली गाठ पडते ती बिगाऱ्याची. म्हणून हा विषय माझाही आहे.

कारखाना बंद पडला की यंत्रे भंगारात जातात आणि कामगार घरी जातो. पण वर्षानुवर्षे जमिनीत मुरलेले तेल, शिसे, क्रोमियम तेथेच राहते. त्यातले जे विरघळते, ते पावसाबरोबर खालच्या पाण्यात उतरते आणि कुंपण न मानता शेजारच्या विहिरीत जाते. वर गवत उगवते आणि जागा निर्मळ दिसते. मग कोणी तेथे पाया खणू लागतो. बीजिंग येथे २००४ साली भुयारी रेल्वेच्या स्थानकासाठी खोदकाम करताना तीन कामगारांना विषबाधा झाली. तेथे पूर्वी कीटकनाशकांचा कारखाना होता.

तर मग जमीन साफ करावी, हे उघड आहे. पण साफ कशी करावी? इंग्लंडातील दोन उदाहरणे सांगतो.

कॉर्बी हे पोलादाचे गाव. तेथे पोलाद गाळणे १९८० साली बंद झाले. नगर परिषदेने ती जमीन घेऊन सफाई काढली. विषारी गाळ लॉऱ्यांत भरून, भर वस्तीतून, जुन्या खाणीत नेऊन टाकला. गाळ रस्त्यावर सांडे, वाळे आणि त्याची धूळ घरांत जाई. पुढे गावात काही मुले हातापायांची बोटे खुंटलेली अशी जन्माला आली. त्यांच्या आया न्यायालयात गेल्या. २००९ साली न्यायालयाने या सफाईत नगर परिषदेचा निष्काळजीपणा झाल्याचा निर्णय दिला आणि २०१० साली तडजोड होऊन भरपाई ठरली. हेतू चांगला होता. पण घाण घरातून काढून वाटेवर टाकावी, तसे झाले.

दुसरे उदाहरण पूर्व लंडनमधील स्ट्रॅटफर्डचे. तेथे २०१२च्या ऑलिंपिकसाठी सुमारे अडीच चौरस किलोमीटर जमीन तयार केली. शतकभराच्या उद्योगांची आणि कचऱ्याची ती जागा. लगतच्या बो येथील काडेपेटीच्या कारखान्यातील मुलींनी १८८८ साली संप केला होता. तेथे फॉस्फरसने कामगारांचे जबडे सडत. जमिनीला आणि कामगाराला विष एकाच हातून मिळते, ते असे.

तेथे आधी जागोजागी भोके पाडून माती तपासली. मग सुमारे २० लाख घनमीटर माती उपसली आणि जागेवरच माती धुण्याची यंत्रे बसवली. युक्ती साधी आहे. विष बहुधा बारीक गाळाला चिकटते. माती पाण्यात घुसळून चाळली, की रेती आणि खडी स्वच्छ होऊन निघते आणि थोडा विषारी गाळ तेवढा उरतो. तेलकट मातीला हवा आणि खाद्य पुरवले, की तिच्यातले जंतूच तेल खातात. खालचे पाणीही शुद्ध केले. उपसलेल्या मातीपैकी सुमारे ८० टक्के तेथेच पुन्हा वापरली. कामगार संघटनांशी लेखी करार झाला होता, आणि ते उद्यान बांधताना एकही कामगार अपघातात मेला नाही.

आता आपल्याकडे पाहा. भोपाळच्या कारखान्यातून १९८४ साली वायू सुटला. तेथे साठलेला ३३७ टन कचरा पिथमपूरला न्यायला २०२५ साल उजाडले, आणि तेथील लोकांनी विरोध केला, तो उगाच नव्हे. कचरा गेला, तरी आवारातील माती आणि खालचे पाणी यांचा प्रश्न त्याने सुटला नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या जागी मनोरे उठले. इतर शहरांतही कारखान्यांच्या जमिनी घरांसाठी विकल्या जातात. पायाच्या खड्ड्यात पाणी लागले, की मुकादम पंप लावून ते गटारात सोडतो. पंप ओढतो तेव्हा शेजारच्या जमिनीतले पाणीही खड्ड्याकडे येते. त्यात काय आहे हे कोणी पाहत नाही. नाक्यावरून आणलेला मजूर त्याच पाण्यात अनवाणी उभा असतो.

कंत्राटदार म्हणेल, एवढा खर्च कोण करणार? माझे उत्तर असे की, खर्च कधीच चुकत नाही. जमिनीच्या मालकाने तो केला नाही, तर तो मजुराच्या फुफ्फुसातून, वाटेवरच्या वस्तीतून, विहिरीच्या पाण्यातून वसूल होतो. कॉर्बीत तो आयांनी भरला.

म्हणून नवे घर घेताना आपण केवळ फरशी आणि नळ पाहू नका. तीन गोष्टी विचारा. येथे पूर्वी कसला कारखाना होता आणि माती कोणी तपासली? डंपर झाकलेला आहे का आणि तो कोठे रिकामा होतो? पंपाचे पाणी कोठे जाते? आणि ही उत्तरे खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाला सर्वांआधी, त्याच्या भाषेत मिळाली पाहिजेत. गमबूट, हातमोजे आणि काम संपल्यावर अंग धुण्याची सोय, हे त्याचे हक्क आहेत. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

ज्या घराखाली दुसऱ्याचे दुखणे पुरलेले नाही, त्याच घरात सुखाची झोप लागते.