मूळ आणि फांदी



कोकणात कलम बांधताना तुम्ही पाहिलं असेल. कोयीतून उगवलेल्या रायवळ रोपावर हापूसची काडी बांधतात. मूळ रायवळाचं, फळ हापूसचं. जुन्या हापूसच्या झाडावर रायवळाची फांदी बांधायला कोणी जात नाही.

प्रेषित पौलाने मात्र असंच उलटं कलम डोळ्यांसमोर उभं केलं. इसवी सन ५७ च्या सुमारास त्याने रोममधल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिलं. त्याच्या अकराव्या अध्यायात बागेतलं जैतुनाचं झाड आहे. ते झाड इस्राएलाचं. त्याच्या काही फांद्या तोडल्या गेल्या आणि रानातल्या जैतुनाच्या फांद्या तिथे बांधल्या. त्या रानफांद्या म्हणजे परराष्ट्रीय ख्रिस्ती, म्हणजे आम्ही. हे निसर्गाच्या उलट आहे, हे पौल स्वतःच सांगतो. मग बजावतो की फांदीने तोरा मिरवू नये, मुळाने तिला धरून ठेवलं आहे. तुटलेल्या फांद्या त्यांच्याच झाडावर पुन्हा जोडल्या जातील, शेवटी सगळं इस्राएल तारलं जाईल, असं भाकीत तो करतो. कधी आणि कसं, याचं वेळापत्रक तो देत नाही. हे रहस्य आहे एवढंच म्हणतो. पौल स्वतः यहूदी होता, आपल्या माणसांसाठी त्याचा जीव तुटत होता. हा अध्याय वाचताना ते विसरू नये, असं मला फार वाटतं.

आम्ही ख्रिस्ती लोक ते विसरलो. यहूद्यांशी झालेला करार संपला, आता इस्राएल म्हणजे चर्च, असं शतकानुशतकं शिकवलं गेलं. १०९६ मध्ये पहिल्या क्रूसयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाईन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्त्स इथल्या यहूदी वस्त्या कापून काढल्या. पन्नास वर्षांनी राडुल्फ नावाचा एक मठवासी त्याच प्रदेशात पुन्हा लोकांना चिथावू लागला. तेव्हा क्लेअरव्होचा मठाधिपती बर्नार्ड स्वतः तिथे गेला आणि त्याने राडुल्फला मठात परत धाडलं. ज्यांच्या तारणाचं वचन शास्त्रात आहे त्यांना मारायचं कसं, असा त्याचा युक्तिवाद होता. बर्नार्डच्या लिखाणात यहूद्यांविषयी कठोर शब्दही आहेत. तरी हा माणूस आला नसता तर आपल्यातलं कोणी उरलं नसतं, अशा अर्थाची नोंद बॉनच्या एफ्राइम या यहूदी बखरकाराने केली आहे. भाकिताचा एवढा चांगला उपयोग मला इतिहासात क्वचितच दिसतो.

एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या ख्रिस्ती उपदेशकाने भाकितांची नवी मांडणी केली. १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलमधल्या टिपांनी ती घरोघर नेली. यहूदी आपल्या भूमीत परततील, मग महासंकट, मग ख्रिस्ताचं पुनरागमन, असा क्रम लागला. या वाचनाने यहूद्यांना भाकितात पुन्हा जागा दिली, हे खरं. पण कित्येकदा ते यहूद्यांकडे जगाच्या अंताचं घड्याळ म्हणून बघतं, आणि ते मला सलतं. घड्याळाच्या सुखदुःखाची विचारपूस कोणी करत नाही.

१९६० मध्ये फ्रेंच इतिहासकार ज्यूल इझाक पोप तेविसावे जॉन यांना भेटले. नाझींनी त्यांची पत्नी आणि मुलगी मारली होती. चर्चने यहूद्यांविषयी काय शिकवलं ते तपासा, एवढीच त्यांची मागणी होती. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जे निवेदन काढलं, त्यात पौलाचं जैतुनाचं झाड परत आलं.

आपल्याकडे जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ मध्ये मुंबईत आले. कोकणातल्या बेने इस्राएल या यहूदी समाजासाठी १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. हे लोक ख्रिस्ताकडे वळावेत, ही मिशनऱ्यांची आशा होती. बेने इस्राएलांनी हिब्रू आपलीशी केली आणि समाज म्हणून ते यहूदीच राहिले. १८७४ मध्ये पुण्यात त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी छापली गेली, हिब्रू आणि मराठीत. तिच्या चित्रांत साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताहेत.