फिट थांबली, पण स्वभाव का बदलला?



आज मी फिटबद्दल कमी आणि फिटच्या गोळीबद्दल जास्त बोलणार आहे. मिरगी म्हणा, फेफरं म्हणा, घरात या आजाराचं नाव काढायचं नसतं. लग्न जमत असेल तर गोळ्यांची पाकिटंसुद्धा लपवली जातात. मग गोळीमुळे काही बिघडलं, तर ते सांगायचं कुणाला?

लेव्हेटिरासिटामचंच उदाहरण घ्या. अमेरिकेत ते १९९९मध्ये मंजूर झालं, आज आपल्याकडेही भरपूर दिलं जातं. औषध चांगलं आहे. फिट आटोक्यात आणतं, इतर औषधांशी फारसं भांडत नाही. पण काही जणांना, विशेषतः सुरुवातीला किंवा डोस वाढवल्यावर, विनाकारण चीड येते. शांत मुलगी ताट आपटते. कुणी उदास होतं, कुणाची झोप उडते, क्वचित भासही होतात. आधी मानसिक त्रास झालेला असेल तर धोका अधिक. टोपिरामेट, परॅम्पॅनेल, जुनं फिनोबार्बिटोन यांनीही मनावर परिणाम होऊ शकतो.

२००८मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फिटच्या ११ औषधांच्या १९९ चाचण्या तपासल्या. औषध घेणाऱ्यांत आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन जवळपास दुप्पट आढळलं. ‘दुप्पट’ ऐकून घाबरू नका. हजारात दोनाच्या जागी चार, इतका हा फरक. आणि फिटच्या आजारातही नैराश्य येतंच, सगळा दोष गोळीचा नसतो.

घरात मात्र निदान झटपट होतं. अम्मी म्हणते पोरगा बिघडला, खाला म्हणते असर झालाय. दुआ जरूर करा. पण बाबाकडे नेताना गोळी बंद केली जाते, खरा धोका तिथे आहे. गोळी एकदम तोडली की फिट एकामागून एक येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. रमजानमध्येही डोस चुकवू नका. वेळा बदलता येतील का, हे आधीच डॉक्टरांना विचारा. सहरीसाठीच्या जागरणानेही काहींना फिट येते. आजाऱ्याला रोज्यातून सवलत कुरआननेच दिलेली आहे.

एक वही ठेवा. गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, चीड कधीपासून, तारखेसकट लिहा. हे घरच्यांनी लिहावं, कारण बदल पेशंटला स्वतःला बऱ्याचदा दिसत नाही. वही पाहून डॉक्टर डोस कमी करतात किंवा हळूहळू दुसऱ्या औषधावर आणतात. डॉक्टर घाईत असतील तरी वही टेबलावर ठेवा, लाजू नका.

मरणाचे विचार कुणी बोलून दाखवले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, त्या व्यक्तीला एकटं सोडू नका. टेलि-मानस, १४४१६, हा सरकारी नंबर रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत.

आता तुमचे प्रश्न. चिठ्ठीवर लिहून दिले तरी चालतील, नाव घालू नका.