नदी, नाला आणि सरकारी विशेषण



आम्ही कवी मंडळी नदीला विशेषणं फुकट वाटत असतो. तिला अवखळ म्हणतो, संथ म्हणतो, कधी उदास म्हणतो. त्याने काठावरचा एक दगडसुद्धा इकडचा तिकडे होत नाही. सरकार नदीपुढे विशेषण लावतं तेव्हा मात्र राजपत्र निघतं, नकाशा काढला जातो, हद्द आखली जाते. त्या दिवसापासून काठावर काही करायचं तर कुणाला विचारावं लागेल, हे बदलतं. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातलं आपलं पाणी अशी बरीच सरकारी विशेषणं अंगावर वागवत वाहतं आहे. त्यांचा आपल्याला काय उपयोग, एवढंच आज पाहू.

आधी थोडं दूरचं उदाहरण. अमेरिकेतल्या ओहायो राज्याने १९६८ साली निसर्गरम्य नद्यांचा कायदा केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या केंद्र सरकारचाही तसा कायदा झाला. पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये, ओहायोतल्या लिटल मायामी नदीला राज्याची पहिली निसर्गरम्य नदी म्हणून मान मिळाला. आता कुणाला वाटेल, सरकारने काठाची जमीन ताब्यात घेतली असेल. तसं नाही. जमीन ज्याची त्याचीच राहिली. पण पूल, रस्ता, जलवाहिनी असं सार्वजनिक काम नदीपासून हजार फुटांच्या आत करायचं, तर राज्याच्या खात्याची आधी संमती हवी. काठच्या गावकऱ्यांची सल्लागार मंडळं असतात, त्यांचं म्हणणं ऐकायचं. आणि एक मेख आहे. नगरपालिकेच्या हद्दीत ही संमतीची अट लागू नाही! म्हणजे विशेषण मोठं असलं, तरी त्याची खरी ताकद बारीक अक्षरांतल्या अटींत असते.

आपल्याकडे 'निसर्गरम्य नदी' असा कायदेशीर दर्जा नाही. त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे आपली ठाण्याची खाडी. तिथे दरवर्षी फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, हजारोंनी उतरतात. ऐरोली पूल ते वाशी पूल यांमधल्या पश्चिम काठाचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा ऑगस्ट २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि बाकीचं पाणी आहे. पुढे २०२२ मध्ये अभयारण्य आणि भोवतालचा संवेदनशील पट्टा मिळून ६,५२१ हेक्टर खाडी रामसर यादीत गेली. रामसर हे इराणमधलं गाव. पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार तिथे १९७१ साली झाला, म्हणून हे नाव.

या विशेषणाने काय साधलं? मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं उदाहरण घ्या. ही गाडी ठाण्याची खाडी पुलावरून ओलांडणार नाही. तिच्यासाठी खाडीच्या तळाखालून सात किलोमीटरचा बोगदा आखला गेला. खाडीवरचं अभयारण्य आणि कांदळवन वाचावं, हे त्यामागचं एक कारण. प्रकल्प थांबला नाही, पण त्याला वाट वाकडी करावी लागली. सरकारी विशेषणाकडून माझी अपेक्षा एवढीच असते.

आता खाडीकडून थोडं वर जाऊ या. खाडीला गोडं पाणी मुख्यतः देते ती उल्हास नदी. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून ती कर्जत, बदलापूर करत कल्याणला येते. भर मे महिन्यातही ती वाहती दिसते, त्याचं श्रेय बऱ्याच अंशी टाटांच्या भिवपुरीच्या वीजकेंद्राला. ते १९२२ पासून मावळातल्या धरणाचं पाणी घाटाखाली आणतं आणि वीज करून झाल्यावर ते पाणी उल्हासला मिळतं. बदलापूर, जांभूळ, मोहिली, शहाड इथे हीच नदी उपसून आपल्या लाखो घरांचे नळ चालतात. सकाळी वुजूसाठी मी नळ सोडतो, शेजारच्या काकू देवासाठी कळशी भरतात. दोघांचं पाणी उल्हासचंच.

या नदीला कोणती विशेषणं मिळाली? २०१६ च्या कायद्याने ती राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ चा भाग झाली. कल्याणचं बंदर जुन्या काळी नावाजलेलं होतं, तेव्हा ते ठीकच. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले होते, देशात सर्वांत जास्त. त्यांत उल्हासही होती. म्हणजे जिच्यावर बोटी चालवायच्या ती हीच, जिचं पाणी प्यायचं ती हीच, आणि प्रदूषित म्हणून जिची नोंद झाली तीही हीच. प्रत्येक विशेषणाचं खातं वेगळं, फाईल वेगळी. पाणी मात्र एकच.

जिचा नदीला थेट उपयोग होता अशी एक तरतूद आपल्या राज्यात होती. २००० साली राज्य सरकारने नदी नियमन क्षेत्राचं धोरण आणलं. पाणी कोणत्या वापराच्या लायकीचं, त्यावरून नद्यांचे चार वर्ग केले. वर्ग जितका वरचा, तितकं कारखान्याने काठापासून दूर राहायचं. त्यात पळवाटा असतील, पण निदान अंतराचा आकडा कागदावर होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे धोरण रद्द झालं. प्रदूषण रोखणारे इतर कायदे आहेतच, अंतराची अट उद्योगांना अडचणीची ठरते, अशी सरकारची भूमिका होती. म्हणजे एकाच वर्षात, फेब्रुवारीत नदीच्या वरच्या अंगाचं बंधन सुटलं आणि ऑगस्टमध्ये खालच्या अंगाला अभयारण्य मिळालं. मधल्या जुलैत राष्ट्रीय हरित लवादाने उल्हास आणि वालधुनी यांच्या प्रदूषणाबद्दल कोट्यवधींचा दंड सुनावला. घराच्या ओट्यावर रांगोळी काढायची आणि मागचं दार उघडं टाकायचं, तसंच हे झालं.

वालधुनीचं नाव आलं म्हणून सांगतो. ही जेमतेम तीसेक किलोमीटरची नदी. अंबरनाथचं अकराव्या शतकातलं शिवमंदिर तिच्याच काठी उभं आहे. ज्यांनी ते बांधलं, त्यांनी ते नाल्याकाठी खास बांधलं नसणार. पण आज अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याणमध्ये कुणालाही विचारा, बहुतेक जण 'वालधुनी नाला'च म्हणतील. हेसुद्धा एक विशेषणच आहे, आणि आपल्या भागात सर्वांत जास्त अंमल त्याचाच चालतो. त्याला राजपत्र लागत नाही. एकदा नाला म्हटलं की त्यात कचरा टाकायला कुणाला विचारावं लागत नाही, काठ दाबायला विचारावं लागत नाही, रात्री टँकर रिकामा करायलाही नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला कुणीतरी या पात्रात रसायन ओतलं. त्याच्या वायूने काठच्या वस्तीतले शेकडो लोक गुदमरून रुग्णालयात गेले. झोपलेल्या माणसांचा त्यात काय दोष होता? त्यांचं घर नाल्याकाठी होतं, एवढाच.

म्हणून यापुढे एखाद्या पाण्याला नवा दर्जा जाहीर झाल्याची बातमी वाचाल, तेव्हा तीन गोष्टी विचारा. हद्द कुठून कुठपर्यंत? हद्दीत काही करायचं तर परवानगी कुणाची? आणि तिथे जाळं टाकणाऱ्या कोळ्याला, भाजी पिकवणाऱ्याला विचारलं का? रामसर करारात 'सुज्ञ वापर' असा शब्द आहे. माणसांना हाकलून पाणी जपा, असं तो करार म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या खाडीत होडी घालणारा माणूस पाण्याचा रंग बदलला की खात्याच्या आधी ओळखतो. त्याची तक्रार नोंदवून घ्यायला एक खिडकी असेल, तर त्या दर्जाला अर्थ आहे.

आणि एक काम तर सरकारची वाट न पाहता होईल. वालधुनीवर जागोजागी पूल आहेत. जिथे पाटी नसेल तिथे महापालिकेकडे, नगरपालिकेकडे एक पाटी मागू या. तिच्यावर दोनच शब्द हवेत : वालधुनी नदी. आणि घरात मुलांसमोर बोलतानाही तिला नदीच म्हणू या.